सौद्यांची कीर्द, निर्णयांची खतावणी: ट्रेडिंग जर्नल नेमकं काय करतं?

ट्रेडरच्या स्क्रीनवर सौद्याआधीची तयारी जय्यत असते. चार टाइमफ्रेमचे चार्ट, कडेला वॉचलिस्ट, दुसऱ्या टॅबमध्ये ऑप्शन चेन, मोबाइलवर अलर्ट. सौदा झाला की मात्र हातात एकच आकडा उरतो, हिरवा किंवा लाल. साडेतीनला बाजार बंद झाल्यावर तो बघायचा, खूश व्हायचं किंवा चरफडायचं, आणि दुसऱ्या दिवशी सव्वानऊला पुन्हा कोऱ्या पाटीने बसायचं. पुष्कळांची वर्षंच्या वर्षं अशी जातात.

सौद्याआधीचं विश्लेषण नीट मांडून ठेवणारी सॉफ्टवेअर एका बाजूला आणि झालेले निर्णय नंतर तपासायला लावणारी, म्हणजे ट्रेडिंग जर्नल, दुसऱ्या बाजूला. पहिल्या प्रकाराचा सुकाळ आहे. दुसऱ्याकडे फारसं कुणी वळत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: वेळ आणि पैसा घालायचाच असेल तर तो दुसऱ्या प्रकारात घाला.

कारण पहिल्या प्रकाराची उणीव कुणालाच नाही. बाजार नियामक सेबीने जुलै 2024 मध्ये कॅश सेगमेंटमधल्या (प्रत्यक्ष शेअरांच्या) इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याच्या, ट्रेडिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2022-23 मध्ये इंट्राडे करणाऱ्या दहातले सात जण तोट्यात होते. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्क्यांवर गेलं. तोट्यात गेलेल्यांनी त्या तोट्याच्या 57 टक्के एवढी रक्कम वर आणखी ब्रोकरेज, कर वगैरे खर्चापोटी भरली, हा त्यातला मला सर्वांत बोचणारा आकडा. फ्युचर्स-ऑप्शन्सचं, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरच्या करारांचं, चित्र याहून वाईट आहे. सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर होता. या लोकांकडे चार्ट नव्हते असं थोडंच आहे? दलालाच्या ॲपमध्ये शंभरेक इंडिकेटर फुकट मिळतात.

तरी आधी विश्लेषणाची साधनं थोडक्यात बघू. ट्रेडिंगव्ह्यूसारख्या प्लॅटफॉर्मवर चार्टवर आखलेल्या रेषा, खुणा आणि टिपा जतन होतात, भाव ठरावीक पातळीला आला की अलर्ट वाजतो. चार्टइंकसारखा स्कॅनर ‘आजचा व्हॉल्यूम वीस दिवसांच्या सरासरीच्या दुप्पट आणि भाव दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर’ अशी अट दिली की हजारो शेअरांतून तेवढेच चाळून देतो. ॲमीब्रोकर हे जुनं, संगणकावर बसवायचं सॉफ्टवेअर. त्यात स्वतःच्या अटी कोडमध्ये लिहून त्या मागच्या डेटावर तपासता येतात. ऑप्शनवाल्यांसाठी सेन्सिबुलसारखं साधन स्ट्रॅटेजीचा पे-ऑफ ग्राफ काढून देतं, म्हणजे निफ्टी कुठे बंद झाला तर किती मिळणार आणि किती जाणार ते सौद्याआधीच दिसतं.

या सगळ्यात एक सोय दुर्लक्षित राहते: बार रिप्ले. जुना चार्ट एखाद्या तारखेला थांबवायचा, पुढच्या कॅन्डल (ठरावीक वेळेतला भाव दाखवणाऱ्या उभ्या पट्ट्या) झाकल्या जातात, आणि मग एकेक कॅन्डल पुढे सरकवत ‘इथे मी काय केलं असतं’ ते ठरवायचं. पूर्ण चार्ट समोर असताना प्रत्येक ब्रेकआउट (भावाने अडलेली पातळी ओलांडणं) आधीच कळलेला वाटतो. पुढचं झाकलं की तेच डोळे गोंधळतात.

या गोंधळावर मानसशास्त्रात जुना अभ्यास आहे. 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी दौऱ्याआधी विद्यार्थ्यांना विचारलं, की अमुक घडण्याची शक्यता किती, तमुक घडण्याची किती. दौरे उरकल्यावर त्याच विद्यार्थ्यांना स्वतःचे आधीचे अंदाज आठवून लिहायला सांगितले. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण आधी दिलेली शक्यता त्यांना प्रत्यक्षापेक्षा जास्त आठवली. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. निकाल कळल्यावर आठवणच त्याच्या बाजूला सरकली होती. ‘मला वाटलंच होतं पडणार’ हे वाक्य प्रत्येक ट्रेडिंग ग्रुपवर दुपारी साडेतीननंतर का ऐकू येतं, त्याचं उत्तर इथे आहे. चार्टवरच्या रेषाही अशाच सरकतात. सकाळी आखलेली ट्रेंडलाइन दुपारी भाव खाली घसरला की जराशी ओढून घेतली जाते, आणि संध्याकाळी ती अगदी अचूक दिसते. म्हणून सौदा करतानाच्या चार्टचं चित्र, त्या क्षणी जसं होतं तसं, वेळेसकट साठवणं हे जर्नलचं पहिलं काम.

दुसरं काम समजायला आपल्या जुन्या पेढीवरच्या वह्या आठवा. दिवसभरात जे घडलं ते ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने कीर्दीत उतरायचं. मग तीच नोंद खतावणीत त्या-त्या खात्यावर जायची. कीर्द वाचून मंगळवारी काय झालं ते कळतं; अमक्या गिऱ्हाइकाकडे वर्षभरात किती अडकलं ते कळायला खतावणीच उघडावी लागते. दलालाकडून मिळणारी ट्रेडबुकची फाइल ही कीर्द आहे: तारीख, वेळ, शेअर, नग, भाव, खरेदी की विक्री. जर्नलचं सॉफ्टवेअर तिची खतावणी करतं. फरक एवढाच, की इथली खाती गिऱ्हाइकांची नसून तुमच्या निर्णयांची असतात. ‘सकाळचा ब्रेकआउट’ हे एक खातं, ‘बातमीवर घेतलेला’ दुसरं, ‘तोटा भरून काढायला घेतलेला’ तिसरं.

ही खाती सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाहीत. ट्रेडबुकमध्ये तुम्ही 420 ला 250 शेअर घेतले एवढंच असतं. का घेतले ते नसतं. ते टॅग लावून तुम्हालाच सांगावं लागतं, आणि तेही सौदा सुरू होण्याआधी किंवा लगेच. समजा, एक नोंद अशी आहे (स्टॉप किंवा एसएल म्हणजे भाव विरुद्ध गेला तर तोटा थांबवायला ठरवलेली पातळी, टार्गेट म्हणजे नफा घेऊन बाहेर पडायची):

‘सकाळी 9:52. कालचा उच्चांक 418 ओलांडला, व्हॉल्यूम चांगला. 420 ला एंट्री, स्टॉप 416, टार्गेट 427. 250 नग. 416 खाली गेला तर माझं म्हणणं चुकलं. मन: सकाळी एक एसएल उडालाय, थोडी घाई वाटतेय.’

तोच सौदा संध्याकाळी लिहिला तर साधारण असा उतरतो: ‘ब्रेकआउट चांगला होता, पण ऑपरेटरने स्टॉप उडवला, नंतर वर गेलाच.’ पहिल्या नोंदीत तपासण्यासारख्या पाच गोष्टी आहेत. दुसरीत फक्त तक्रार आहे. कुठलंही महागडं सॉफ्टवेअर दुसऱ्या नोंदीतून काही काढू शकणार नाही.

पहिल्या नोंदीतला 250 हा आकडाही हवेतून आलेला नाही. भांडवल एक लाख, एका सौद्यात जास्तीत जास्त एक टक्का म्हणजे हजार रुपये गमवायची तयारी, एंट्री आणि स्टॉपमधलं अंतर चार रुपये. हजार भागिले चार, अडीचशे. बरीच जर्नल सॉफ्टवेअर या हजार रुपयांना ‘एक आर’ म्हणतात आणि प्रत्येक सौद्याचा निकाल त्याच मापात मोजतात. अडीच हजार मिळाले तर अडीच आर, आठशे गेले तर उणे 0.8 आर. रुपयांत मोजलं की मोठ्या भांडवलाचा सौदा मोठा दिसतो. आरमध्ये मोजलं की पत्करलेल्या जोखमीच्या तुलनेत काय मिळालं ते दिसतं.

आता खतावणी प्रत्यक्षात काय दाखवते ते एका काल्पनिक ट्रेडरवर बघू. त्याचाही एक आर हजार रुपयांचाच. त्याने चाळीस इंट्राडे सौदे केले. चोवीस फायद्यात, सोळा तोट्यात. साठ टक्के अचूकता! मित्रांत सांगण्यासारखा आकडा. फायद्याची सरासरी 900 रुपये, तोट्याची 1,500. म्हणजे मिळाले 21,600, गेले 24,000. निव्वळ 2,400 तोटा. सरासऱ्या अशा असतील तर नुसत्या बरोबरीलाच साडेबासष्ट टक्के सौदे जिंकावे लागतात. साठ टक्के पुरत नाहीत.

वर खर्च. लाखभर रुपयांच्या खरेदी-विक्रीला दोन्ही बाजूंचं वीस-वीस रुपये ब्रोकरेज, विक्रीवरचा एसटीटी (रोखे व्यवहार कर), एक्स्चेंजचं शुल्क, मुद्रांक शुल्क आणि जीएसटी धरून साधारण 85 रुपये जातात. चाळीस सौद्यांचे 3,400. तोटा 5,800 वर पोचला. अनेक ॲपमध्ये दिवसभर डोळ्यांसमोर राहणारा नफा-तोटा हे खर्च वजा न करताच दाखवतात, त्यामुळे जर्नलमध्ये आकडे चढवताना कॉन्ट्रॅक्ट नोटवरचे (दलालाच्या त्या दिवसाच्या बिलावरचे) खर्चही चढताहेत ना, हे पहिल्याच दिवशी तपासा. कॉन्ट्रॅक्ट नोट ईमेलवर रोज येते. ती उघडून वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असावेत.

मग या चाळीस सौद्यांना वेळेची चाळणी लावली. सकाळी अकराच्या आधीचे बावीस सौदे: पंधरा फायद्यात, एकूण 13,900 मिळाले, सात तोट्यात, 7,700 गेले. खर्चाआधी 6,200 नफा. अकरानंतरचे अठरा: नऊ फायद्यात, 7,700 मिळाले, नऊ तोट्यात, 16,300 गेले. 8,600 तोटा. सॉफ्टवेअर इथे रंगीत आलेख काढून देईल आणि तुम्ही टाळी वाजवून म्हणाल, सापडलं! अकरानंतर स्क्रीन बंद.

जरा थांबा. अठरा सौद्यांतले नऊ जिंकले यावरून दुपार वाईट असं ठरत नाही. वार पाच, वेळेचे तीन भाग, सौद्याचे चार प्रकार अशा चाळण्या एकत्र लावल्या की साठ खण होतात, आणि तुमचे सौदे चाळीस. कुठला तरी खण भरपूर हिरवा आणि कुठला तरी लालभडक निघणारच. नाणं नऊ वेळा उडवलं तर सात किंवा जास्त वेळा छापा पडायची शक्यता 9 टक्के आहे. साठ खणांत असे चमत्कार मूठभर सापडतात. ‘गुरुवारी दुपारचा ब्रेकआउट मला लाभतो’ असला शोध डॅशबोर्डवर लागला तर त्याला पंचांगाइतकंच महत्त्व द्या.

पण त्याच आकड्यांत दुसरी एक गोष्ट दडली आहे. सकाळचा सरासरी तोटा 1,100, म्हणजे 1.1 आर. स्टॉप लागताना भाव जरा इकडेतिकडे होतो, तेवढा फरक चालायचाच. दुपारचा सरासरी तोटा 1,811, म्हणजे 1.8 आर. हजाराच्या वर जायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाचे अठराशे गेले, तर याचा अर्थ उघड आहे: दुपारी स्टॉप खाली सरकवला जातोय, किंवा पडत्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज केलं जातंय. याला संख्याशास्त्राची गरज नाही. बाजारात तुम्हाला काही सरशी आहे की नाही हे ठरवायला शेकडो सौदे लागतात. स्वतःचा नियम मोडला की नाही हे एका सौद्यातही दिसतं. जर्नल सॉफ्टवेअरची जाहिरात पहिल्या गोष्टीच्या नावाने होते. त्यांचा खरा उपयोग दुसरीकडे आहे.

म्हणून माझ्या मते जर्नलमधला सर्वांत किमती रकाना नफ्या-तोट्याचा नाही. ‘ठरल्याप्रमाणे केला का? हो / नाही’ हा तो रकाना. नियम पाळून आलेला तोटा हा धंद्याचा खर्च असतो. नियम मोडून आलेला नफा मात्र फार महाग पडतो, कारण तो पुढच्या वेळी नियम मोडायला शिकवतो. फक्त लाल-हिरवा आकडा बघणाऱ्याला हे दोन्ही उलटे दिसतात: पहिल्याबद्दल तो स्वतःला शिव्या देतो आणि दुसऱ्याबद्दल पाठ थोपटून घेतो. महिन्याच्या शेवटी ‘नाही’ लिहिलेले सौदे वेगळे काढून त्यांची बेरीज करा. काही जणांच्या बाबतीत सगळा तोटा त्या एकाच गठ्ठ्यात निघतो.

तोट्यातलं धरून ठेवणं आणि फायद्यातलं घाईने विकणं हा तर माणसाचा स्वभावच. टेरन्स ओडियन या अमेरिकी संशोधकाने 1987 ते 1993 या काळातली दलालाकडची दहा हजार खाती तपासली होती. विकता येण्याजोग्या फायद्यांपैकी लोकांनी प्रत्यक्षात 14.8 टक्के पदरात पाडून घेतले. तोट्यांच्या बाबतीत हे प्रमाण 9.8 टक्के. जर्नलमध्ये हे बघायला दोन मोजमापं असतात. एंट्रीनंतर भाव जास्तीत जास्त किती विरुद्ध गेला हे एक, आणि जास्तीत जास्त किती बाजूने गेला हे दुसरं. वरच्याच उदाहरणात एंट्री 420, बाहेर पडलात 423 ला, पण पुढे भाव 427.50 पर्यंत गेला आणि वाटेत 419 च्या खाली आलाच नाही. असं एकदा झालं तर तो योगायोग. तीस फायद्याच्या सौद्यांत वारंवार दिसलं तर टार्गेट 427 लिहून तुम्ही 423 लाच पळताय हे कबूल करावं लागतं. यासाठी सॉफ्टवेअरला मिनिटामिनिटाचा भाव लागतो. एक्सेलमध्ये हे हाताने करणं जिवावर येतं, आणि पैसे देऊन जर्नल घेण्याचं खरं कारण माझ्या लेखी एवढंच.

बाकी सगळं एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये होतं. ट्रेडरव्ह्यू आणि एजवोन्क ही या क्षेत्रातली जुनी परदेशी नावं. घेण्याआधी तुमच्या दलालाची फाइल ते थेट वाचतं का, फ्युचर्स-ऑप्शन्सची एक्स्पायरी (कराराची मुदत संपणं) आणि आपल्याकडचे खर्च नीट धरतं का, आणि उद्या सोडायचं ठरवलं तर तुमच्या नोंदी बाहेर काढून देतं का, एवढं बघा. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि दोन वर्षांच्या टिपा अडकून बसतात. फाइल चढवून काम होत असेल तर तोच मार्ग बरा. एखादं ॲप दलालाच्या खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मागत असेल तर ते किती का चांगलं असेना, दूर राहा. खातं जोडायचंच असेल तर दलालाच्या स्वतःच्या लॉगिन पानावरून जोडा, आणि त्या परवानगीत ऑर्डर टाकण्याचा हक्क जातोय का ते वाचा. नोंदी वाचणाऱ्या ॲपला ऑर्डर टाकता यायचं काहीच कारण नाही.

नव्या जर्नलांमध्ये एआय सारांश लिहून देतं. टिपांमध्ये ‘घाई’ हा शब्द कितीदा आला आणि त्या दिवशी काय झालं, असले दुवे ते पटकन शोधतं. ‘पुढे काय करू’ हे मात्र त्याला विचारू नका. वरच्या साठ खणांतला एखादा हिरवा खण ते अतिशय आत्मविश्वासाने तुमच्या हाती ठेवेल.

किती लिहायचं, हा नेहमीचा प्रश्न. दिवसाला तीस स्काल्पिंग (काही मिनिटांचे) सौदे करणाऱ्याने प्रत्येकाला पाच ओळी लिहायच्या म्हटल्या तर आठवड्यात जर्नल बंद पडेल. त्याने सौद्याला एक टॅग आणि ‘हो / नाही’ एवढंच ठेवावं, बाकी दिवसाची एक टीप. आठवड्यातून दोन स्विंग (काही दिवस चालणारे) सौदे करणाऱ्याला सविस्तर लिहायला वेळच वेळ आहे. तपासणी बाजार चालू असताना नको, तोट्याच्या दिवशी संध्याकाळीही नको. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलं की माणूस स्वतःशी बराच खरा बोलतो. याच नोंदी आर्थिक वर्ष संपल्यावर सीएच्या कामी येतात. इंट्राडेचं उत्पन्न आणि फ्युचर्स-ऑप्शन्सचं उत्पन्न प्राप्तिकरात वेगवेगळं धरलं जातं, त्यामुळे मुळातच वेगळी खाती असलेली बरी.

शनिवारच्या तपासणीतून दहा संकल्प निघाले तर त्यातला एकही सोमवारी सव्वानऊला आठवत नाही. एकच निवडावा, आणि शक्य असेल तर तो इच्छाशक्तीवर न सोडता यंत्राच्या गळ्यात बांधावा. दुपारी स्टॉप सरकतोय असं दिसलं, तर एंट्रीबरोबरच स्टॉपची ऑर्डर टाकायची आणि स्क्रीनपासून उठायचं. दोन एसएल उडाल्यावर तिसरा सौदा बदला घ्यायला होतोय असं दिसलं, तर काही दलालांकडे किल स्विच, म्हणजे आपलंच ट्रेडिंग बंद करून ठेवायची सोय, असतो. झेरोधा या दलालाच्या किल स्विचने एखादा सेगमेंट (बाजाराचा विभाग) बंद केला की तो पुन्हा सुरू करायला 12 तास जावे लागतात. सकाळी साडेदहाला बंद केलात तर उघडेपर्यंत रात्रीचे साडेदहा झालेले असतात, आणि त्या दिवसाचा बाजार तर कधीच मिटलेला असतो.